धाकट्याचं प्रमाणपत्र, थोरल्याचे हात

या वेळचं पत्र एका मेकॅनिकचं आहे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून त्यांना 'थोरले' म्हणू. पत्र थोडं आटोपशीर करून देतो.

"सर, गेली १४ वर्षं मी फ्रिज आणि एसीचं काम करतो. उस्तादांच्या हाताखाली शिकलो, वर्गात कधी बसलो नाही. धाकट्या भावाने रीतसर कोर्स केला, गॅस हाताळण्याची परीक्षा पास झाला. त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलंय. आता दोघांनी मिळून स्वतःची फर्म काढायची आहे. पहिलंच मोठं काम समोर आलंय, एका शीतगृहाचं. मालक म्हणाले, 'लायसन्स दाखवा.' भाऊ म्हणतो, माझं प्रमाणपत्र आहे ना, तेच लायसन्स. ओळखीचे एक जुने कंत्राटदार म्हणतात, माझ्या लायसन्सवर काम करा, बिलातला थोडा हिस्सा द्या, बाकी कुणी विचारत नाही. मला दोन्हींत काहीतरी खटकतंय. आणि खरं सांगायचं तर परीक्षेला बसायची लाज वाटते. ज्याला मी पाना धरायला शिकवलं तो पास, आणि मी नापास झालो तर? ता. क. पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरूनही घरात वाद चालू आहे."

थोरले, तुम्हाला खटकतंय ते नेमक्या जागी खटकतंय. तुमचा भाऊ निम्मा बरोबर आहे. ते कंत्राटदार साफ चूक आहेत. आणि या सगळ्यात शहाणा माणूस कोण असेल तर शीतगृहाचा मालक. त्यांनी कागद मागितला म्हणून मनाला लावून घेऊ नका. उद्या त्या इमारतीत गॅस सुटला, आग लागली किंवा माल नासला, तर विमा कंपनी त्यांना पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.

तुम्ही कोणत्या देशात, कोणत्या राज्यात काम करता ते पत्रात लिहिलेलं नाही. या धंद्याचे नियम सीमा ओलांडली की बदलतात, कधी कधी शेजारच्या राज्यातही बदलतात. त्यामुळे अर्जाचा नमुना आणि कार्यालयाचा पत्ता तुमच्या तिथल्या खात्याकडूनच घ्या. त्या अर्जामागचा हिशेब मात्र सगळीकडे जवळपास सारखा असतो, तो सांगतो.

कायदा दोन वेगळे प्रश्न विचारतो. गॅसच्या सर्किटला, म्हणजे गॅस फिरतो त्या बंद नळ्यांना, हात कोण लावतोय, आणि त्याला ते काम येतं का, हा एक. काम अंगावर कुणी घेतलंय, आणि बिघडलं तर कुणाला धरायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर म्हणजे टेक्निशियनचं प्रमाणपत्र. ते माणसाचं असतं, त्याच्याबरोबर येतं आणि त्याच्याबरोबर जातं. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे कंत्राटदाराचा परवाना, आणि तो धंद्याचा असतो. बस चालवायचं लायसन्स आणि बस रस्त्यावर आणायचं परमिट, तसं हे आहे. ड्रायव्हरकडे लायसन्स आहे म्हणून त्याला बससेवा काढता येत नाही, आणि परमिट मालकाच्या नावावर आहे म्हणून मालकाला बस चालवता येते असंही नाही. बोलताना आपण दोन्हींना 'लायसन्स'च म्हणतो. तुमच्या घरातला निम्मा वाद या एका शब्दाने लावलेला आहे.

ही फाळणी बघायची असेल तर ऑस्ट्रेलियाचं उदाहरण फार स्वच्छ आहे. तिथे गॅस हाताळण्याचा परवाना व्यक्तीला मिळतो, आणि गॅस विकत घ्यायला, बाळगायला, विकायला धंद्याला वेगळी 'ट्रेडिंग ऑथोरायझेशन' काढावी लागते. दोन्ही एकाच ठिकाणाहून मिळतात, ऑस्ट्रेलियन रेफ्रिजरेशन कौन्सिलकडून, पण एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. तुमची फर्म तिथे असती, तर तुमच्या भावाला गॅस भरता आला असता, पण भरण्यासाठी फर्मला सिलिंडर आणता आला नसता!

आता भावाच्या प्रमाणपत्राकडे येऊ. त्याच्या जिवावर तुम्ही किती काम करू शकता, हा तुमचा खरा प्रश्न आहे, पत्रात तुम्ही तो सरळ विचारला नसला तरी. अमेरिकेचा नियम घ्या. तिथे स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ खाली, १४ नोव्हेंबर १९९४ पासून, सर्किट उघडू शकेल असं कोणतंही काम करणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र लागतं. 'सर्किट उघडणं' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉम्प्रेसर बदलणं येतं. पण नियमात प्रेशर बघण्यासाठी गेज लावणं आणि काढणंसुद्धा त्यातच येतं. कॉइल धुणं, पंख्याची मोटर बदलणं, वायरिंग तपासणं यात येत नाही. म्हणजे भाऊ खाली गाडीत फोनवर बोलतोय आणि तुम्ही वर गच्चीवर आउटडोअर युनिटला गेज लावलंत, तर त्या क्षणी तुम्ही विनापरवाना आहात. प्रमाणपत्राची सावली तुमच्यावर पडत नाही.

शिकाऊ उमेदवारांना यात सूट आहे, पण तीही ऐकून ठेवा. उमेदवार सरकारदरबारी नोंदलेला हवा, प्रमाणपत्रधारक टेक्निशियनची त्याच्यावर जवळून आणि अखंड देखरेख हवी, आणि ही सवलत नोंदणीपासून दोन वर्षंच चालते. चौदा वर्षांचा अनुभवी माणूस या चौकटीत बसत नाही. धाकट्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून नाव घालायला तुम्ही एकवेळ तयार व्हालही, पण दोन वर्षांनी परीक्षा पुन्हा दारात उभी राहणारच.

दुसरी गोष्ट, भावाचं प्रमाणपत्र कोणत्या प्रकारचं आहे ते फ्रेम उतरवून एकदा नीट वाचा. सगळी प्रमाणपत्रं सगळ्या मशीनना चालत नाहीत. अमेरिकेत पहिला प्रकार फक्त कारखान्यातच सील केलेल्या, ५ पौंड किंवा त्याहून कमी गॅसच्या छोट्या उपकरणांचा. दुसरा जास्त दाबाच्या यंत्रणांचा, तिसरा कमी दाबाच्या चिलरचा, म्हणजे मोठ्या इमारती गार करणाऱ्या यंत्रांचा, आणि हे तिन्ही असतील तर 'युनिव्हर्सल'. युरोपीय संघाच्या २०१५च्या नियमांत विभागणी आणखी बारीक होती. कुणाला सगळी कामं मोकळी, कुणाला ३ किलोपेक्षा कमी गॅस असलेल्या मशीनपुरती दुरुस्ती, तर कुणाला सर्किट न उघडता फक्त लीक तपासायची मुभा. घरगुती फ्रिजपुरतं प्रमाणपत्र घेऊन शीतगृहात शिरलेला माणूस, कायद्याच्या दृष्टीने, रिकाम्या हातानेच शिरलेला असतो.

एवढी कडक राखण कशाची, तर गॅसची. तुमच्या उस्तादांच्या काळात, आणि माझ्याही, गॅस संपला की भरायचा आणि जास्त झाला की सोडायचा, एवढंच शास्त्र होतं. मी शिकाऊ असताना नवी लाइन जोडली की व्हॉल्व्ह जरा ढिला करून गॅसनेच आतली हवा बाहेर काढायचो. व्हॅक्युम पंप होता, पण तो जिन्याने वर न्यायचा कंटाळा. त्या एका कंटाळ्यापायी मी किती गॅस हवेत सोडला असेल कुणास ठाऊक. शीतगृहांत वर्षानुवर्षं चाललेला आर-४०४ए घ्या. युरोपीय नियमांच्या गणितात त्याचा तापमानवाढीचा आकडा ३,९२२ आहे. म्हणजे १ किलो सुटला तर जवळजवळ ४ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. १९८७च्या माँट्रियल कराराने ओझोन खाणाऱ्या गॅसना लगाम घातला, आणि २०१६च्या किगाली दुरुस्तीने त्यांच्या जागी आलेल्या या गॅसनाही. दोन्हींवर जगातल्या देशांच्या सह्या आहेत, पण ते प्रत्यक्षात पाळले जातात ते तुमच्या-माझ्यासारख्याच्या गेजच्या नळीशी. म्हणून अनेक देश त्या नळीशी उभ्या माणसाचं नाव मागतात.

आता त्या कंत्राटदारांचा प्रस्ताव. यावर जरा थांबून बोलतो, कारण या धंद्यात चांगली माणसं सर्वांत जास्त इथेच फसतात.

परवाना देताना खातं नुसत्या फर्मकडे बघत नाही, फर्ममध्ये काम जाणणारा एक जबाबदार माणूस दाखवा म्हणतं. कॅलिफोर्नियात रेफ्रिजरेशनचा सी-३८ नावाचा वेगळा परवाना आहे, एसी-हीटिंगचा सी-२० वेगळा. तो मिळवायला त्या माणसाकडे गेल्या १० वर्षांतला किमान ४ वर्षांचा कुशल कारागिराचा अनुभव लागतो, सहसा दोन परीक्षा लागतात, एक कामाची आणि एक कायदा व व्यवहाराची, आणि वर २५ हजार डॉलरचा बाँड, म्हणजे नुकसानभरपाईची हमी. हा जबाबदार माणूस पगारी नोकर असेल तर त्याने आठवड्याला ३२ तास किंवा धंद्याच्या कामाच्या वेळेपैकी ८० टक्के वेळ, यांत जे कमी असेल तेवढं, प्रत्यक्ष तिथे काम करायचं असतं. हा नियम कशासाठी आला असेल? तुमच्या ओळखीच्या त्या गृहस्थांसारख्यांसाठीच. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं, आणि जबाबदारी कुणाचीच नाही, हा प्रकार कुठल्याही खात्याला नवा नाही.

"कुणी विचारत नाही" हे त्यांचं म्हणणं खरंही असेल, काम नीट चाललंय तोवर. विचारतात ते पैसे अडले की. त्याच कॅलिफोर्नियात, परवाना लागत असताना तो नसलेल्या कंत्राटदाराला केलेल्या कामाचे पैसे मागायला कोर्टात जाता येत नाही. उलट ग्राहक आधी दिलेले पैसेसुद्धा परत मागू शकतो, काम उत्तम झालेलं असलं तरी. कल्पना करा, तीन महिने राबून तुम्ही शीतगृह उभं केलंत, शेवटचा हप्ता मालकांनी अडवला, आणि वकील म्हणतो, गप्प बसा, नाहीतर पहिले हप्तेही जातील. त्या वेळी ते कंत्राटदार तुमच्या बाजूने उभे राहतील? त्यांनी कुठे सही केली असेल तर तीच त्यांच्या गळ्याशी येणार आहे, त्यामुळे ते सर्वांत आधी तुम्हालाच ओळखत नाहीत म्हणतील.

याचा अर्थ त्यांच्याशी तोडा असा नाही. त्यांचा परवाना खरा असेल, चालू असेल आणि त्या प्रकारच्या कामाचा असेल, तर सरळ मार्ग आहे. काम त्यांच्या फर्मने घ्यावं, करार मालक आणि त्यांच्यात व्हावा, बिल त्यांचं जावं, विमा त्यांचा असावा, कामाची परवानगी त्यांनी काढावी आणि साइटवर त्यांनी यावं. तुम्ही दोघं त्या कामापुरते त्यांच्या पगारावर राहा. हाती कमी येईल, पण अनुभवाचा कागद त्यांच्याकडून मिळेल, आणि तो पुढे तुमच्या स्वतःच्या अर्जाला लागणार आहे. ते यालाही तयार नसतील, तर त्यांना तुमचं काम नको होतं, तुमचा हिस्सा हवा होता, एवढं समजून घ्या.

पत्रात एक गोष्ट नाही आणि तिने मला सर्वांत जास्त काळजी लावली. त्या शीतगृहात गॅस कोणता आहे?

अमोनिया असेल तर हे काम आत्ता नको. हे मी तुमच्या हाताला कमी लेखून म्हणत नाही. एसीवर १४ वर्षं काढलेला माणूस अमोनियापुढे नवशिकाच असतो. हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग (३०० पीपीएम) झाला तर तो जिवाला तत्काळ धोका मानला जातो, आणि पुरेसा साठला तर पेटतोही. तांबं-पितळ त्याला चालत नाही, सगळी लाइन पोलादाची. म्हणजे तुमचं ब्रेझिंगचं, तांब्याच्या नळ्या तापवून जोडण्याचं, कसबही तिथे उपयोगाचं नाही. अमेरिकेत १०,००० पौंड, म्हणजे साधारण साडेचार टनांपासून पुढे अमोनिया असलेल्या ठिकाणी कामगार सुरक्षेचे आणि पर्यावरणाचे वेगळे, फार जड नियम लागू होतात. आणि गंमत बघा, कलम ६०८चं प्रमाणपत्र अमोनियासाठी नाहीच. त्याचं शिक्षण आणि परीक्षा वेगळी, तिथल्या ऑपरेटरांची संघटना 'रीटा' ती घेते. म्हणजे भावाचं फ्रेममधलं प्रमाणपत्र त्या कामाला अगदीच गैरलागू ठरतं. युरोपात मात्र २०२४च्या नव्या नियमाने प्रमाणपत्राची कक्षा अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोकार्बनपर्यंत नेली आहे.

कार्बन डायऑक्साइडवर चालणारं नवं शीतगृह असेल, तर तो बिनविषारी आणि न पेटणारा म्हणून निर्धास्त राहू नका. बंद खोलीत साठला तर माणूस गुदमरतो. शिवाय ३१ अंशांच्या वर तो द्रव होतच नाही, आणि गरम दिवशी अशा यंत्रणेत उच्च दाबाची बाजू ९० ते १०० बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळपास तितक्याच पट, चढते. तुमच्या पेटीतलं रोजचं गेज त्याला लावलंत तर गेज जाईल, हातही जाऊ शकतो.

फ्रिज-एसीतल्या नेहमीच्या हॅलोकार्बन गॅसचं आणि मर्यादित क्षमतेचं असेल, तर काम तुमच्या आवाक्यातलं आहे. तरी परवान्याला टनांची मर्यादा आहे का ते पाहा. टेक्सासमध्ये 'ब' वर्गाच्या कंत्राटदाराला २५ टनांपर्यंतच्याच कूलिंग यंत्रणा घेता येतात, त्यापुढे 'अ' वर्ग लागतो. विजेचंही पाहून घ्या. मशीनची वायर सोडवून पुन्हा जोडायला काही देशांत मर्यादित स्वरूपाचा वेगळा इलेक्ट्रिकल परवाना लागतो. रेफ्रिजरेशनवाले नेमकं हेच विसरतात, आणि इन्स्पेक्टर नेमका तिथेच हात घालतो.

आता तुमची लाज.

परीक्षा कशाची आहे ते आधी कळू द्या, मग भीती किती ठेवायची ते ठरवा. अमेरिकेतली लेखी परीक्षा म्हणजे पर्यायी उत्तरांचे प्रश्न. एक मूळ भाग २५ प्रश्नांचा, तो सगळ्यांना. पुढे प्रत्येक प्रकारासाठी आणखी २५. प्रत्येक भागात ७० टक्के मिळाले की पास. युरोपीय पद्धतीत प्रात्यक्षिकही असतं. तिथे जोड मारून दाखवायचा, गॅस काढून दाखवायचा, लीक शोधायचं. तुमच्यासारख्या माणसाला खरं तर हीच पद्धत सोयीची, कारण तिथे तुमचे हात बोलतील.

लेखी परीक्षेत जुने लोक अडतात ते कठीण गणितांपाशी नाही. अडतात ते सवयीपाशी. मी पहिल्या वेळी नापास झालो होतो, तेव्हाची एक आठवण आहे. प्रश्न होता रिकव्हर, रिसायकल आणि रिक्लेम यांतल्या फरकाचा. मला तिन्ही एकच वाटले, गॅस काढला आणि परत वापरला, झालं. पण रिकव्हर म्हणजे गॅस मशीनमधून काढून सिलिंडरात भरणं, एवढंच. रिसायकल म्हणजे त्यातलं तेल आणि ओल गाळून तो पुन्हा वापरण्याजोगा करणं. आणि रिक्लेम म्हणजे नव्या गॅसच्या दर्जाला आणून, रासायनिक तपासणी करून तसं सिद्ध करणं, जे साइटवर होतच नाही. दुसऱ्याच्या मशीनमधला काढलेला गॅस तिसऱ्याच्या मशीनमध्ये भरायची आपली जी खोड आहे, तिच्यावर बोट ठेवणारा तो प्रश्न होता. चिडलो होतो खूप. परीक्षा घेणारे कधी गच्चीवर चढलेत का, असंही बोललो.

असेच आणखी काही. रिकव्हरी सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही, कारण उन्हात द्रव फुगला की त्याला जागा लागते. आर-४०४एसारखे चारशेच्या घरातले मिश्र गॅस द्रवरूपातच भरायचे. वाफेच्या रूपात भरले तर मिश्रणातला लवकर उडणारा भाग आधी जातो आणि मशीनमध्ये भलतंच मिश्रण पडतं. दाबाची चाचणी नायट्रोजननेच घ्यायची. ऑक्सिजन कधीच नाही, कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. ब्रेझिंग करताना नळीतून हलका नायट्रोजन वाहता ठेवायचा, नाहीतर आत काळी खपली धरते आणि दोन महिन्यांनी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबतो. यातलं बरंचसं तुम्ही करतही असाल. फक्त का करतो ते कुणी विचारलं नव्हतं, आणि परीक्षेत तेच विचारतात.

नव्या गॅसचा धडा मात्र मन लावून वाचा. जुन्या आर-२२ गॅसवर घडलेल्या हाताला आर-४१०एचा दाब जवळपास दीडपटीहून जास्त वाटतो, ते तुम्हाला सवयीने कळलं असेल. पण आर-३२ सौम्य ज्वलनशील, ए२एल वर्गातला, आणि आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, ए३ वर्गातला. गॅस पूर्ण काढला आहे की नाही हे न बघता ब्लोलॅम्प पेटवायची सवय आर-२२ने खपवून घेतली. प्रोपेन घेणार नाही.

अभ्यासाला कुणाकडे जायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. भावाकडे. त्याचं पुस्तक अजून घरात आहे. रोज रात्री तासभर त्याने प्रश्न विचारावेत, तुम्ही उत्तरं द्यावीत. चुकलात तर तो हसेल, हसू द्या. बदल्यात रविवारी त्याला जुन्या कॉम्प्रेसरवर जोड मारायला बसवा. कोर्स करून आलेल्या पोरांचं ब्रेझिंग मी पाहिलेलं आहे. तेव्हा हसायची पाळी तुमची. आणि नापास झालात तर पुन्हा बसता येतं. निकालाचा कागद घरीच येतो, चौकात लागत नाही.

परीक्षेबरोबरच दुसरं काम आजपासून सुरू करा, अनुभवाचे कागद. १४ वर्षं तुमच्या डोक्यात आहेत, खात्याला ती कागदावर हवीत. अर्जात अनुभवाची खात्री देणारा, तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मागतात. उस्तादांकडे जा, त्यांच्याकडून कोणत्या काळात, कोणत्या प्रकारच्या मशीनवर, काय काम केलं याचं सहीचं पत्र घ्या. हे पुढच्या महिन्यावर टाकू नका. माझ्या ओळखीतल्या एकाने टाकलं, आणि उस्ताद गेल्यावर आठ वर्षांचा अनुभव शून्य झाला. काही देशांत असा अनुभव मोजून, तोंडी आणि प्रात्यक्षिक तपासणी घेऊन, कोर्सचा काही भाग माफही करतात. चौकशी करताना हा प्रश्न आवर्जून विचारा.

एक वहीही घाला. तारीख, जागा, मशीन, गॅस कोणता, किती काढला, किती भरला, वजनकाट्याचा आकडा, दोष काय निघाला, ग्राहकाची सही. ही वही अनुभवाचा पुरावा होते आणि पुढे कायद्याची गरजही भागवते. युरोपात आर-४०४एसारख्या गॅसची लीक तपासणी नुसत्या वजनावर नाही, तर त्याच्या तापमानवाढीच्या हिशेबावर ठरते. ५ टन कार्बन डायऑक्साइडइतका गॅस झाला की वर्षातून एकदा, ५० टनांवर सहा महिन्यांनी, ५०० टनांवर तीन महिन्यांनी. आर-४०४ए असेल तर जेमतेम सव्वा-दीड किलोलाच पहिली पायरी ओलांडली जाते. त्या नोंदी पाच वर्षं जपायच्या असतात. शीतगृहाच्या मालकांना अशी वही दाखवलीत, तर परवाना येईपर्यंत ते थांबतीलही. कागद मागणारा ग्राहक कागदाची किंमत जाणतो.

मुदतीचं थोडक्यात. अमेरिकेचं ६०८ एकदा मिळालं की संपत नाही. युरोपीय संघाच्या नव्या नियमात किमान दर सात वर्षांनी उजळणी आहे. कंत्राटदाराचा परवाना बहुधा ठरावीक काळाने नवा करावा लागतो, कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी. भावाच्या प्रमाणपत्रावर शेवटची तारीख आहे का, ती फ्रेमच्या पट्टीखाली झाकली गेली आहे का, तेही बघा. मी थट्टा करत नाही, असं झालेलं मी पाहिलंय. मूळ प्रत कपाटात ठेवा, भिंतीवर झेरॉक्स लावा, आणि एक प्रत साइटच्या पेटीत असू द्या.

राहता राहिली पाटी. रंगाऱ्याला आत्ताच सांगू नका. परवान्याच्या अर्जात फर्मचं जे नाव द्याल तेच पाटीवर, बिलावर आणि गाडीवर लागतं, एका अक्षराचाही फरक नको. अनेक ठिकाणी जाहिरातीत परवान्याचा क्रमांकही छापावा लागतो, आणि तो हाती येईपर्यंत पाटी तशीही अर्धीच राहणार. जबाबदार माणूस म्हणून अर्जात कुणाचं नाव घालायचं हे खातंच ठरवेल, कारण ते अनुभवाची वर्षं मोजतं, आणि ती तुमच्याकडे जास्त आहेत. पाटीवर भावाचं नाव आधी येऊ द्या. नाहीतरी गॅसचा सिलिंडर सध्या त्यालाच आणावा लागणार आहे.